दोन ९७० ग्राफिक्स कार्डं की एक १०७०? तीन आठवडे जोडी वापरून बघितली, मग ठरवलं

२०१६ च्या दिवाळीत बोनसमधून मी सत्तावीस इंची १४४०पी मॉनिटर घेतला. जुन्या १०८०पी स्क्रीनवर माझं जीटीएक्स ९७० (गेमची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड) बहुतेक गेम सेकंदाला साठच्या आसपास फ्रेम्सवर, म्हणजे चित्रांवर, आरामात खेळवायचं. नव्या स्क्रीनवर पिक्सेल पावणेदोन पटींनी वाढले आणि 'द विचर ३' थेट चाळिशीवर उतरला. गर्दीच्या शहरात शिरलं की पस्तीस.

ऑफिसातला एक मित्र तेव्हाच त्याचं ९७० विकत होता. कार्ड साडेबारा हजार, सोबत ७५० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) चार हजारांत. माझा झेड९७ मदरबोर्ड एसएलआय (दोन कार्डं जोडून एकत्र चालवायची एनव्हिडिया कंपनीची सोय) चालवणारा होता, म्हणजे साडेसोळा हजारांत काम होणार होतं. दुसरा पर्याय नवीन जीटीएक्स १०७०, एकच पण जास्त ताकदीचं कार्ड. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर भाव छत्तीस हजार. माझं कार्ड बारा हजारांना गेलं तरी वरचे चोवीस घालावे लागणार. साडेसात हजारांचा फरक माझ्यासाठी कमी नव्हता, त्यामुळे दुसरं ९७० घ्यायचं मी जवळजवळ नक्की केलं होतं.

व्यवहार रोखीचा ठरला आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री नोटाबंदी झाली. मी काढून ठेवलेल्या सगळ्या नोटा पाचशे-हजाराच्या. मित्र म्हणाला, "त्या नोटा घेऊन मी काय करू? तू सामान घेऊन जा, वापरून बघ, पैशांचं नंतर बघू." त्याचे उपकार मी विसरणार नाही. एरवी मी पैसे मोजून मोकळा झालो असतो आणि पुढचं सगळं नंतर कळलं असतं.

जोडणी अवघड नव्हती. मदरबोर्डच्या खोक्यात एसएलआयची पट्टी आलेली होती, ती दोन्ही कार्डांच्या माथ्यावर बसवली, ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एसएलआय चालू केलं. दोन कार्डं लावली की मदरबोर्डवरचे त्यांचे स्लॉट सोळा लेनऐवजी (लेन म्हणजे डेटाच्या वाटा) आठ-आठ लेनवर चालतात. खेळताना त्याने फारसं काही बिघडत नाही. जीटीए ५ लावला आणि मी खुर्चीत सरळ झालो. एका कार्डावर पंचावन्न फ्रेम्स होत्या, आता नव्वद! बेंचमार्कचा स्कोअरही दुपटीच्या जवळ. त्या रात्री मित्राला मेसेज केला: डील पक्की.

दुसऱ्या दिवशी विचर लावला. कोपऱ्यातला आकडा साठ दाखवत होता, पण माउस वळवला की चित्र अडखळतंय असं हाताला जाणवायचं. आधी वाटलं मॉनिटरच बिघडलाय. मग आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ बघितला. साठ फ्रेम्स म्हणजे दर फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद हवेत. माझ्याकडे नऊ, चोवीस, दहा, तेवीस असं चाललं होतं. सरासरी बरोबर साठ! सेकंदाला ठोके तेवढेच, पण ठेका लंगडा. यालाच मायक्रोस्टटर म्हणतात.

कारण कळल्यावर माझं डोकं शांत झालं. एसएलआयमध्ये एक कार्ड विषम फ्रेम काढतं, दुसरं सम. दोघांचं वेळापत्रक जुळलं नाही तर फ्रेम्स जोडीजोडीने येतात: दोन लगोलग, मग खंड. त्यात नवे गेम कडा मऊ करायला मागच्या फ्रेमची माहिती वापरतात. ती मागची फ्रेम असते दुसऱ्या कार्डाच्या मेमरीत, मग तिकडून आणण्यात वेळ जातो. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू २ कार्डात एसएलआय आलं तेव्हा दोन कार्डं एकाच फ्रेमच्या एकाआड एक ओळी काढायची, तेव्हाच्या साध्या चित्रांना ते जमून जायचं. २००४ मध्ये एनव्हिडियाने तेच संक्षिप्त नाव पुन्हा आणलं, पण आतली रीत वेगळी.

मग 'जस्ट कॉज ३' लावला. दुसऱ्या कार्डाचा वापर शून्य टक्के. 'डूम' लावला, तिथेही शून्य. साडेबारा हजारांचं कार्ड कॅबिनेटमध्ये नुसतं बसून. मी ड्रायव्हर काढून परत टाकला, पट्टी उलटसुलट करून लावली, दोन रात्री त्यात घालवल्या. माझ्या जोडणीत दोष नव्हताच. गेमच्या इंजिनाने साथ द्यायला हवी आणि ड्रायव्हरमध्ये त्या गेमचं प्रोफाइल, म्हणजे त्या गेमसाठीची खास सेटिंग, हवं. यातलं एक जरी नसेल तर दुसरं कार्ड असून नसल्यासारखं. मला हे फार लागलं. पैसे मी मोजायचे आणि कार्ड चालेल की नाही ते दर गेमला दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं!

मेमरीचंही तसंच. चार आणि चार आठ जीबी होतील असा समज मलाही होता. तसं होत नाही. दोन्ही कार्डांना तेच टेक्श्चर (गेममधल्या वस्तूंवर चढवलेली चित्रं) आपापल्या मेमरीत ठेवावे लागतात, म्हणून चारचे चारच राहतात. ९७० मध्ये तर त्यातले साडेतीन वेगवान आणि उरलेले अर्धा संथ. 'राइझ ऑफ द टूम रेडर'ला सर्वात वरचे टेक्श्चर दिले की दोन कार्डं असूनही झटके बसायचेच.

आणि उष्णता. माझ्या बोर्डावर दोन कार्डांमध्ये जेमतेम एक बोट जागा सुटायची. खालच्या कार्डाची तापलेली पाठ आणि तिला चिकटल्यासारखे वरच्या कार्डाचे पंखे. गार हवा येणार कुठून? खालचं अडुसष्ट अंशांवर, वरचं चौऱ्याऐंशीवर. एवढं तापलं की कार्ड स्वतःचा वेग उतरवतं. कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावून बघितला, सहा-सात अंश उतरले. पण पंख्यांचा आवाज एवढा, की रात्री एक वाजता आईने दार ढकलून विचारलं, "अरे, कसली घरघर चाललीय?" डोंबिवलीत हे नोव्हेंबरमध्ये. मे महिन्यात काय झालं असतं?

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी कार्ड आणि एसएमपीएस मित्राला परत केले. डील पक्की म्हणून मागे हटलो याचं वाईट वाटत होतं, तसं त्याला सांगितलंही. तो म्हणाला, "बरं झालं वापरून बघितलंस." माझं ९७० ऑफिसातल्याच एकाने बारा हजारांना घेतलं, पैसे थेट खात्यात. मग एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला जायला दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं. दुकानदार बँकेचं कार्ड स्वाइप करण्यावर दोन टक्के जादा मागत होता. बरीच घासाघीस झाली, शेवटी नुसते छत्तीस हजार घेतले.

१०७० ला आठ पिनची एकच केबल लागली, माझा जुना ५५० वॅटचा एसएमपीएस पुरला. जीटीएमध्ये पंच्याऐंशी फ्रेम्स आल्या, म्हणजे जोडीपेक्षा पाच कमीच. पण विचरमध्ये तोच साठचा आकडा आणि फ्रेमच्या वेळेची रेघ सपाट, सोळा-सतरा, सोळा-सतरा. त्या रात्री मी गेम खेळायचा सोडून बराच वेळ नुसता माउस इकडून तिकडे फिरवत बसलो होतो.

पुढे एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयची नवी ड्रायव्हर प्रोफाइल देणं बंद केलं. जीफोर्सच्या ३० सिरीजमध्ये जोडणीची खाच फक्त ३०९० आणि ३०९० टीआयला होती, ४० सिरीजमध्ये कुणालाच नाही.

तरीही परवा मावसभावाने विचारलं, "दादा, माझ्या ३०६० ला अजून एक ३०६० लावू का?" गेमसाठी असेल तर नाही, आहे ते विकून एक मोठं घे, असं मी सांगणार होतो. पण तो आता ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी चित्रं बनवायचा प्रोग्राम, शिकतोय. रेंडरला, म्हणजे तयार सीनचं अंतिम चित्र काढायला, दोन कार्डं खरंच कामाची: ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन दोघांना काम वाटून देतं, पट्टी लागत नाही, ठेका चुकायचा प्रश्नही नाही. फक्त अख्खा सीन प्रत्येक कार्डाच्या मेमरीत मावायला हवा, म्हणजे बारा जीबीचे बाराच धरायचे. त्याला उघड्या कॅबिनेटचा फोटो पाठवायला सांगितलंय. दोन स्लॉटमध्ये किती बोटं जागा सुटते, ते मला आधी बघायचंय.