व्हिसा, घर आणि एसबी १७

परवा लंचला आमचा एक सहकारी, चीनमधल्या चेंगडूचा आहे, म्हणाला की घर बघणं थांबवलंय. बायकोला सातवा महिना, अपार्टमेंट पुरत नाही, तरी थांबवलंय. कारण आमच्या टेक्सासचा एसबी १७ (सिनेट बिल १७) हा कायदा. १ सप्टेंबर २०२५ पासून चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया इथल्या कंपन्यांना आणि तिथलेच कायमचे रहिवासी मानले जाणाऱ्यांना इथे जमीन-घर घेता येत नाही, एक वर्ष किंवा जास्तीचा भाडेकरारसुद्धा नाही. अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाले सुटले, हा व्हिसावर. वकील म्हणतो तुम्ही इथेच राहता तेव्हा बहुतेक लागू नाही. पण बहुतेक या शब्दावर कोण आयुष्यभराची बचत लावेल?

जमीन कुणालाही विकावी असं माझं म्हणणं नाही हं. मी स्वतः एनआरआय, मला भारतात फ्लॅट घेता येतो पण शेतजमीन विकत घेता येत नाही, बाबांच्या सातबाऱ्यावरची वारसाने आली तरच, आणि मला ते बरोबर वाटतं.

इथेही काळजीला कारण होतं. टेक्सासमधल्या डेल रिओ गावाजवळ लाफलिन एअर फोर्स बेस आहे, तिथे पायलट तयार होतात, आणि त्याच काउंटीत सन ग्वांगशिन या चिनी अब्जाधीशाच्या कंपनीने लाखाहून जास्त एकर जमीन घेतली, हे गृहस्थ पूर्वी चिनी सैन्यात अधिकारी होते, वर तिथे पवनचक्क्या लावून टेक्सासच्या ग्रिडला, म्हणजे विजेच्या जाळ्याला, जोडायचा बेत. २०२१ मध्ये कायदा करून अशा कंपन्यांना ग्रिडपासून लांब ठेवलं. हे मला शंभर टक्के पटतं, कारण कंपनीच्या मागे कोण आहे आणि ती कशाला जोडली जातेय हे बघून घातलेली बंदी आहे ती. तीन बेडरूमचं घर बघणाऱ्या जोडप्याने कुठला बेस धोक्यात येतो?

आणि आपण भारतीयांनी तरी हे विसरू नये. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की ज्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परदेशी लोकांना शेतजमीन घेता येणार नाही. रोख जपान्यांवर होता. पण १९२३ मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेले पंजाबी भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने भारतीय 'गोरे' नाहीत म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवले आणि कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीतले पंजाबी शेतकरीही त्यातच सापडले, कसलेली जमीन दुसऱ्याच्या नावावर ठेवायची वेळ आली. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. सरकार त्यांचंही नागरिकत्व काढायला निघालं, ते लढले, १९२७ मध्ये जिंकले, आणि मग बाकीच्या भारतीयांवरच्या तशा केसेस थंडावल्या.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, किती वर्षं लागली त्यांना?

चार.

त्याचं बाळ दोन महिन्यांत येतंय.