सतरावा शब्द

गटांच्या सामाईक निधीसाठी बिटकॉइनची वॉलेट उभी करून देणं हे माझं काम. त्या दिवशी ज्या गटाने बोलावलं, त्यांचं वॉलेट मल्टिसिग होतं: ५ सभासदांकडे ५ किल्ल्या, त्यांपैकी कुणीही ३ जणांनी सही केल्याशिवाय पैसा हलत नाही. अध्यक्ष नाही, खजिनदार नाही, सगळे निर्णय बैठकीत. अशा गटांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण पाचांतली एकजण दीड वर्षापूर्वी वारली होती आणि तिची किल्ली कुठे ठेवलीय ते कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्याने गट सोडताना आपल्या सीडच्या शब्दांचा (ज्यांतून किल्ली पुन्हा तयार करता येते) कागद फाडून टाकला, आता आपला हक्क उरला नाही म्हणून, अगदी सचोटीने. उरले नेमके तिघे. त्यातल्या एकाच्या कागदाला पाणी लागलं. २४ शब्दांपैकी सतराव्या जागी नुसता निळा डाग.

“आता दाद कुणाकडे मागायची?” त्यांनी विचारलं. सातोशी नाकामोतोने २००८ साली मांडलेल्या या व्यवस्थेत मधला माणूसच नाही, त्यामुळे दाद मागायला खिडकीही नाही.

वाट मात्र होती. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतलेच असतात, आणि शेवटच्या शब्दात आधीच्या सगळ्यांची पडताळणी दडलेली असते. एकच शब्द गेला असेल तर यादीतला एकेक शब्द तिथे बसवून बघायचा. पडताळणीत टिकतात साधारण आठच. इंटरनेटपासून कायमचा तोडलेला लॅपटॉप मी उघडला आणि त्यांना म्हटलं, “शब्द तुम्हीच टाइप करा, मी पाठ करून बसतो.” हात थरथरत होते त्यांचे, दोनदा चुकले. नऊ शब्द टिकले. वॉलेटच्या फाइलमध्ये पाचही सार्वजनिक किल्ल्यांची, म्हणजे प्रत्येक गुप्त किल्लीच्या उघड जोडीदाराची, नोंद शाबूत होती (ती नसती तर सगळंच अवघड होतं), त्यामुळे प्रत्येक शब्दातून निघणारी किल्ली तिच्याशी ताडून पाहता आली. सहावी जुळली. खोलीत कुणीतरी हुंदका दिला.

मग मी विचारलंच, दीड वर्ष तुम्ही तिच्या जागी नवी किल्ली का घेतली नाही? तिघेही गप्प. शेवटी एकजण म्हणाली, “बैठकीत तो विषय काढायचा म्हणजे तिला दुसऱ्यांदा निरोप द्यायचा. कुणाच्या तोंडून निघेना.” कोडमध्ये ‘पाचांपैकी तीन’ लिहिलेलं असतं, त्या पाचांत कोण उरलंय हे कोडला कळत नाही. ते बघण्याचं काम त्यांचंच होतं, आणि ते इतकं जड असेल याचा मीही कधी विचार केला नव्हता.

संध्याकाळी दोन नवे किल्लीधारक निवडले, तिघांनी सह्या केल्या, निधी नव्या वॉलेटकडे निघाला. व्यवहार पक्का होतो तो ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहारांच्या गठ्ठ्यात, नोंदला गेल्यावर, आणि ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो. त्या दिवशी पहिला यायला जवळजवळ अर्धा तास लागला. तोवर कुणीही जागचं हललं नाही. जुन्या वॉलेटची शिल्लक शून्य झाली, तशी मघाची ती म्हणाली, “जुनी फाइल पुसू नका. तिच्या किल्लीवर तिचं नाव आहे.”

मी ती वेगळी जपून ठेवली.