आजोबांच्या वह्या, गिंप आणि डाव्या हाताच्या पाच कळा

माझे आजोबा कीर्तनकार होते. त्यांच्या हस्ताक्षरातील नऊ वह्या आमच्या घरी लोखंडी पेटीत होत्या, आणि त्यांतील शाई दिवसेंदिवस फिकट होत असल्याचे लक्षात आल्यावर २०२३ च्या उन्हाळ्यात सर्व पाने स्कॅन करून त्यांची वाचता येईल अशी प्रत तयार करण्याचे मी ठरवले. पाने एकूण ४१२ होती आणि कामासाठी माझ्याकडे गिंप या चित्रे दुरुस्त करण्याच्या मोफत प्रोग्रॅमची २.१० ही आवृत्ती होती.

प्रत्येक पानावर करायच्या गोष्टी त्याच होत्या. आडवे आलेले पान नव्वद अंशांत फिरवायचे, ओळी तिरक्या असतील तर त्या सरळ करायच्या, कडा कापायच्या, मग लेव्हल्स या उजेड-काळोख जुळवण्याच्या आज्ञेत डावा सरकता बाण शाईच्या काळेपणापर्यंत आणि उजवा कागदाच्या पिवळेपणापर्यंत आणून अक्षर उठावदार करायचे आणि शेवटी एक्सपोर्ट करायचे, म्हणजे पान चित्राची फाइल म्हणून साठवायचे. पहिली तीसेक पाने मी मेन्यू उघडून केली. पानागणिक चार आज्ञा धरल्या तरी मेन्यूकडे १६४८ वेळा जावे लागणार होते, आणि माझे उजवे मनगट दुसऱ्याच संध्याकाळी दुखू लागले.

म्हणून मेन्यूऐवजी शॉर्टकट, म्हणजे आज्ञा देणाऱ्या कळा, आपल्या सोयीने लावायचे ठरवले. पण शॉर्टकट बदलण्याचा मी निवडलेला पहिला मार्ग चुकीचा होता. २.१० च्या प्रेफरन्सेसमधील इंटरफेस या भागात डायनॅमिक कीबोर्ड शॉर्टकट्स असा एक पर्याय होता. तो चालू केला की मेन्यूतील आज्ञेवर माउस ठेवून हवी ती कळ दाबायची, एवढ्यानेच ती कळ त्या आज्ञेला मिळत असे. हे सोपे वाटले म्हणून मी तो चालू केला आणि तसाच राहू दिला. तिसऱ्या दिवशी कलर्स मेन्यू उघडा असताना, माउस इन्व्हर्टवर थांबलेला असताना, सवयीने माझ्याकडून कंट्रोल आणि ई दाबले गेले. कोणतीही सूचना न येता एक्सपोर्टची ती जोडी इन्व्हर्टकडे गेली. पुढच्या पानाचे काम संपवून एक्सपोर्ट करायला गेलो, तर पान काळे आणि अक्षरे पांढरी झाली. कारण उमगायला मला अर्धा तास लागला. मी सर्व शॉर्टकट मूळ स्थितीत आणले, तो पर्याय बंद केला आणि नव्याने सुरुवात केली.

या वेळी एडिट मेन्यूतील कीबोर्ड शॉर्टकट्स ही खिडकी उघडली. तिच्यात वर शोधाची चौकट आहे, त्यामुळे शेकडो आज्ञांच्या यादीत हवी ती आज्ञा लगेच सापडते. आज्ञेच्या ओळीवर टिचकी देऊन नवी कळ दाबायची. नेमलेली कळ काढून टाकायची असेल तर बॅकस्पेस दाबायचे. ती कळ आधीच दुसऱ्या आज्ञेकडे असेल तर ती कोणाकडे आहे हे गिंप सांगते आणि काढून घ्यायची का, असे विचारते. या प्रश्नाचे मोल मला आदल्या दिवशीच्या चुकीमुळे कळले होते.

खरा विचार करावा लागला तो कळा निवडताना. सुरुवातीला मी नावाच्या आद्याक्षरावरून चाललो होतो: क्रॉपला, म्हणजे कडा कापण्याला, सी, लेव्हल्सला एल. पण सी ही कळ क्लोनकडे, म्हणजे चित्राचा एक भाग दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनाकडे, आहे असे खिडकीने सांगितले, आणि वाळवीने केलेली छिद्रे बुजवायला मला क्लोन हवेच होते, म्हणून मी माघार घेतली. एल कीबोर्डच्या उजव्या बाजूला आहे. तिथपर्यंत पोहोचायचे तर एकतर डावा हात जागा सोडतो, नाहीतर उजवा हात माउस सोडतो. मग मी नावे बाजूला ठेवली आणि हाताकडे पाहिले. उजवा हात माउसवरच राहणार हे ठरलेले असल्यामुळे, डावा हात जिथे सहज टेकतो तिथल्या कळा मी कामाच्या क्रमाने लावल्या. नव्वद अंशांच्या वळणाला क्यू, रोटेट साधनाला डब्ल्यू, क्रॉपला ए आणि लेव्हल्सला एस. यांपैकी डब्ल्यू ही वॉर्पची, ए ही एअरब्रशची आणि एस ही स्मजची कळ होती. वह्यांच्या कामात या तिन्हींचा मला काहीच उपयोग नव्हता, म्हणून मी त्या निःशंकपणे काढून घेतल्या. पाचवी कळ मला अगदी उशिरा सुचली. पूर्ण पान खिडकीत बसवण्यासाठी मुळात शिफ्ट, कंट्रोल आणि जे अशा तीन कळा आहेत आणि त्यांना दोन्ही हात लागतात. ते काम मी फ्री सिलेक्टची एफ काढून तिला दिले. सर्वांत जास्त आराम याच एका बदलाने मिळाला असे माझे मत आहे, कारण अक्षर तपासायला पान मोठे करणे आणि पुन्हा पूर्ण पाहणे हे प्रत्येक पानावर अनेकदा होत असे.

फिरवणे पक्के करण्यासाठी दाबावे लागणारे एंटर मात्र या यादीत नाही, म्हणून तिथे मी साधनाच्या छोट्या खिडकीतील बटणच माउसने दाबत राहिलो.

पुढे शेवटच्या तीन वह्या माझी मामेबहीण करू लागली, तेव्हा हे सर्व तिला पुन्हा लावावे लागले नाही. २.१० मध्ये शॉर्टकट गिंपच्या फोल्डरमधील मेन्यूआरसी नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असत. मी ती पाठवली. पहिल्या खेपेला काहीच बदलले नाही, कारण तिने गिंप चालू असतानाच फाइल टाकली आणि बंद होताना गिंपने आपल्या जुन्या कळा तिच्यावर पुन्हा लिहिल्या. गिंप आधी बंद करून फाइल टाकल्यावर सर्व जागच्या जागी आले. तिने फोनवर सांगितले, "दादा, क्यू दाबलं आणि आजोबांचं पान उभं राहिलं." त्या रात्री तिने सव्वीस पाने पूर्ण केली.