केबल्स अखेर ताठ! (कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच पुलाचं मॉडेल, १:५००)

पूर्वेकडच्या टॉवरच्या चाळीसही केबल्स ताठ बसल्या! डेकवर, म्हणजे केबल्सनी तोलून धरलेल्या रस्त्यावर, पट्टी ठेवून पाहिली, कुठेही पोक नाही. मागच्या वेळी प्रत्येक केबल वेगळी बांधली होती: एक केबल ओढली की शेजारची सैल, ती ओढावी तर टॉवरच कलायचा. त्यात रिगिंगचा (जहाजाच्या मॉडेलवरच्या दोरखंडांसाठीचा) धागा पावसाळी हवेत आणखी ढिला पडायचा. जहाजांच्या मॉडेलला तो उत्तम, इथे नको.

तोडगा खऱ्या बांधकामातच सापडला. तिथे डेक टॉवरपासून दोन्हीकडे तोल सांभाळत वाढवत नेला होता. मधला गाळा (दोन टॉवरांमधला भाग) १,००० फुटांचा, बाजूचे ५०० फुटांचे, म्हणजे टॉवरच्या दोन्ही अंगांना अंतर सारखंच. मग वेगवेगळ्या केबल्स कशाला? एकच दोरी बाजूच्या गाळ्यातून टॉवरच्या भोकातून मधल्या गाळ्यात नेली आणि दोन्ही टोकांना शिसं टांगलं. टॉवर जागचा हलला नाही.

पण जिग (डेक जागेवर धरणारा तात्पुरता साचा) काढल्यावर डेकचं मधलं टोक झुकलं! सगळीकडे सारखं शिसं असून चालत नाही. सर्वांत बाहेरची केबल जेमतेम ३० अंशांत येते, तिचा निम्माच ताण डेक उचलायला मिळतो. तिला वाट्याच्या भाराच्या जवळजवळ दुप्पट वजन लागतं, टॉवरजवळच्या केबलला थोडंसंच जास्त. चढत्या क्रमाने शिसं लावलं आणि प्रश्न मिटला.

सामान हॉबीच्या दुकानातून घेऊच नका. मासेमारीच्या दुकानात विणलेली दोरी, ग्रॅमवारी शिसं आणि पितळी क्रिंप (दोरीवर दाबून बसवायच्या छोट्या नळ्या), तिन्ही मिळतात. ही दोरी जवळजवळ ताणलीच जात नाही. मात्र तिला सुपरग्लू धरत नाही, डेकखाली क्रिंपच दाबा.

टॉवरही मनासारखा झालाय. ५१५ फूट म्हणजे आपले ३१४ मिमी, खाली अष्टकोनी आणि वर जाताना हिऱ्याच्या आकाराचा. तासून आलेली ती कड बोटाला लागते तेव्हा फार बरं वाटतं.

आता पश्चिम टॉवर घेणार होतो, पण हे लिहितानाच विचार बदलला. ज्याच्या जागी हा नवा पूल आला, तो १९६८ चा जुना जेराल्ड डेस्मंड पूलही शेजारी हवा. पाण्यापासून त्याची उंची १५५ फूट, नव्याची २०५. मॉडेलमध्ये ३० मिमीचा फरक. मोठी कंटेनर जहाजं जुन्याखाली का अडत होती, ते नुसतं पाहून कळेल. आणि दृश्य जुलै २०२२ चं: जुन्याचा मधला गाळा कापून बार्जवर उतरवलेला. त्यासाठी बेसबोर्ड रुंद करावा लागेल, म्हणून आधी प्लायवूड.