तिथी पाहून ठोकलेला तंबू

धुळ्याहून सर्वांत जवळचा समुद्र महाराष्ट्राचा नाही, तो गुजरातचा आहे. नवापूरमार्गे सुरतेला उतरले की आपलीच तापी जिथे समुद्राला मिळते तो किनारा लागतो, आणि आमच्याकडच्या अनेकांनी आयुष्यातला पहिला समुद्र तिथेच, डुमसच्या काळपट वाळूवर पाहिलेला असतो. आम्हाला मात्र झाडीला लागून असलेला समुद्र हवा होता, तोही हॉटेलच्या खिडकीतून नव्हे, तर तंबूच्या दारातून. म्हणून माघ महिन्यात आई, पत्नी आणि दोन्ही मुलांना घेऊन आम्ही नाशिक, कसारा घाट, पनवेल असे करत रायगडच्या किनाऱ्याकडे निघालो. धुळे ते अलिबाग हे चारशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर आहे, त्यात वाहतुकीखेरीज सांगण्यासारखे काही नाही.

खरी वाट रेवदंड्याच्या पुढे सुरू होते. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला फणसाडचे जंगल. हे जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते आणि 1986 साली ते अभयारण्य झाले. माघात आमच्या सातपुड्यातला साग पाने गाळून मोकळा झालेला असतो. इथे मात्र त्याच दिवसांत पायवाटेवर सावली होती. मुलांना शेकरू दिसले नाही, पण उंच फांद्यांच्या टोकाशी त्याने बांधलेली घरटी मात्र दिसली. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधून ठेवते, हे वाटाड्याने सांगितल्यावर धाकट्याने, ‘म्हणजे त्याचे प्लॉट आहेत,’ असा निष्कर्ष काढला. अभयारण्यात मन मानेल तिथे तंबू ठोकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. वनखात्याचे नियम पाळून दिवसा जंगल पाहावे आणि मुक्कामाला किनाऱ्यावरच्या एखाद्या खासगी वाडीत जावे, हा मार्ग आम्हाला सोयीचा वाटला.

मुरूड-जंजिरा घाईने पाहून आम्ही आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवली, दिघीला उतरलो आणि संध्याकाळी दिवेआगरच्या एका वाडीत पोहोचलो. त्या दिवशी पौर्णिमा होती. समोर ओलसर, घट्ट वाळूचे विस्तीर्ण मैदान पसरलेले होते. ‘कितलं लांब शे पानी!’ असे म्हणत आईने पदर खोचला आणि ती थेट पाण्याच्या दिशेने चालू लागली. अशा वेळी कोणालाही तंबू त्या सपाट वाळूवरच ठोकावासा वाटेल. परंतु वाडीचे मालक असलेल्या काकांनी आधी आम्हाला किनाऱ्यावरची एक वेडीवाकडी रेघ दाखवली. सुरूच्या वाळलेल्या सुया, शिंपल्यांचा चुरा, जाळ्याचे निळे धागे, एक चप्पल आणि नारळाची सोडणे अशा साऱ्या वस्तू एका ओळीत पडलेल्या होत्या. आदल्या भरतीचे पाणी तिथवर येऊन गेले होते, आणि ती रेघ त्या कोरड्या मैदानाच्या बरीच वर, जवळजवळ केवड्याच्या बनापाशी होती.

भरतीचा हिशेब काकांनी तोंडी सांगितला. तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे, म्हणजे भरतीची साधारण वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, म्हणून भरती सव्वाअकराच्या सुमारास, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमीला ती सहा वाजता येते. शिवाय पौर्णिमा-अमावस्येला उधाण असते, म्हणजे पाणी सर्वांत वर चढते आणि ओहोटीला सर्वांत दूर जाते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असल्याने ही चढउतार बेताचीच राहते. याचा अर्थ असा की पौर्णिमेच्या संध्याकाळी येणाऱ्या पाहुण्याला समुद्र सर्वांत लांब दिसतो आणि तो झोपेत असतानाच सर्वांत जवळ येतो. अष्टमीला हे उलट असते: संध्याकाळी सहाला जी वाळू कोरडी दिसते, ती मध्यरात्री तर कोरडीच राहते. आईच्या पिशवीत पंचांग होतेच. एकादशी आणि प्रदोषापुरते उघडले जाणारे ते पान मग आमच्या घरात प्रथमच समुद्रासाठी वाचले गेले, आणि पुढचे सर्व मुक्काम तिनेच ठरवले.

तंबू सुरूच्या रांगेमागे, वाडीच्या मोकळ्या कडेला ठोकला. वाळूत लोखंडी खुंट्या टिकत नाहीत, वाऱ्याच्या पहिल्याच झोताला त्या उपटून येतात. त्यामुळे शेतातून आणलेल्या खताच्या रिकाम्या गोण्या वाळूने भरून, त्यांना दोऱ्या बांधून, त्या हातभर खोल पुरल्या. गोणी आडवी पुरली तर ती अधिक घट्ट बसते. सुरूखाली विस्तव मात्र पेटवू नये, कारण त्याच्या सुयांचा थर क्षणात भडकतो. काकांनी विहिरीजवळची सारवलेली जागा दिली आणि तिथे भरिताची वांगी भाजली गेली. आमच्याकडे पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, आगीवर वांग्याची साल पटकन करपून आतला गर मऊ होतो. सोडणांची आग मंद आणि धुरकट, त्यामुळे वेळ दुप्पट लागला. चव वेगळी झाली, वाईट नव्हे. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि भरीत काकांनाही आवडले, फक्त तिखटाबद्दल त्यांनी काही बोलायचे टाळले.

या वाड्यांमध्ये अजूनही मोकळ्या जागा दिसतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळले आणि दिवेआगर-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळीला फळ धरायला काही वर्षे जातात, त्यामुळे बागायतदाराचे नुकसान त्या एका दिवसाचे नव्हते.

श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्याहून पुन्हा फेरीबोट घेतली, बाणकोटची खाडी ओलांडली आणि वेळासला गेलो. इथे तंबू गाडीतच ठेवला, आणि माझ्या मते प्रत्येकाने ठेवावा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम उभे केले. घरट्यांतली अंडी कुंपणात सुरक्षित पुरली जातात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. किनाऱ्यावरचा दिवा, मग तो तंबूतला कंदील का असेना, पिल्लांची दिशा चुकवतो. गावात घरगुती राहण्याची सोय असताना वाळूवर झोपण्याचा हट्ट कशासाठी?

परतताना मंडणगडवरून माणगाव, ताम्हिणी घाट आणि पुणे असा मार्ग धरला. खाऱ्या वाऱ्याने तंबूची चेन अडकू लागते, म्हणून तो गोड्या पाण्याने धुवायलाच हवा. आमचा मात्र नळाला पाणी येण्याच्या दिवसाची वाट पाहत गच्चीवर पडून राहिला आणि चेनला शेवटी मेण घासावे लागले.