तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलने माझी भीती गेली का?

नाही गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे.

"ताई, एवढं डेरिंग कुठून आलं", "माउंटन बायकिंगने कॉन्फिडन्स वाढतो ना हो", आणि हल्ली सगळ्यात जास्त वेळा येतो तो प्रश्न म्हणजे "आमची मुलगी फार बुजरी आहे, तुमच्याबरोबर टेकडीवर पाठवू का, जरा कणखर होईल." लिफ्टमध्ये, लग्नात, ऑफिसच्या कँटीनमध्ये, कुठेही विचारतात. मी हसून "हो हो, पाठवा की" म्हणते, कारण लिफ्ट आपल्या मजल्यावर पोचेपर्यंत दुसरं काही सांगून होत नाही. आज सावकाश सांगते.

एक आहे, हा प्रश्न मीच ओढवून घेतलाय. मागे ऑफिसमध्ये महिला दिनाला मला बोलायला उभं केलं होतं आणि मी मस्त फोटोबिटो लावून "सायकलने मला निडर केलं" असं ठोकून दिलं. टाळ्या पडल्या, तेव्हापासून मी निडर. खोटं नव्हते बोलत बरं का, तेव्हा मला खरंच तसं वाटायचं. पुण्यातल्या वेताळ टेकडीचे उतार पाठ झालेले, सुटी खडी आली की चाक जरा घसरतं आणि परत पकडतं हे अंगात मुरलेलं, सकाळी फिरायला येणारे आजोबा ओळखीने हात करायचे. ती भाषणवाली बाई आत्ता समोर आली तर मी तिला म्हणेन, थांब, तू अजून पडली नाहीयेस. ती म्हणेल, पडल्यावर तू घाबरट झालीस आणि आता त्याचं तत्त्वज्ञान करतेयस. तिच्याशी हा वाद मी डोक्यात बऱ्याचदा घातलाय, दर वेळी जिंकते असं नाही.

पडले ती जागा सांगते. क्वारीच्या, म्हणजे दगडखाणीच्या, पलीकडून पाषाण उपनगराच्या बाजूला उतरताना एक दगडी पायरी लागते, साधारण गुडघ्याएवढी, आपला नेहमीचा काळा दगड, आणि तिच्याखाली मुरूम साचून आपोआप छोटा उतार झाला होता. म्हणजे पुढचं चाक पायरीवरून सुटलं की त्या मुरमावर अलगद टेकायचं. ही पायरी मी इतक्या वेळा उतरले होते की तिथे पोचताना डोक्यात ऑफिसच्या मेलची उत्तरं चालू असायची. परतीचा पाऊस रात्रभर कोसळून गेला होता, सकाळी लख्ख ऊन. पायरीखालचा तो मुरूम पाण्याने पार वाहून नेलेला आणि त्या जागी घळ. मी नेहमीच्या लाइनने आले, चाक सोडलं, आणि खाली काहीच नव्हतं. हॅंडलबारवरून पुढे गेले ते डाव्या खांद्यावर. आवाज आला. तो आवाज कसा होता हे मला वर्णन करायचं नाहीये.

कॉलरबोन मोडलं, खांदा आणि गळ्यामधलं हाड. खांद्याला पट्टा, डाव्या कुशीवर झोपणं बंद, केस विंचरायला लेकीला हाक मारायची. भेटायला आलेला प्रत्येक जण "स्पीड जास्त होता का?" असं विचारायचा. नव्हता हो. स्पीड जास्त नव्हता, हेल्मेट होतं, ब्रेक ठीक होते, वाट रोजची होती. मला पाडलं ते कॉन्फिडन्सने, आणि हे वाक्य कोणाला आवडत नाही कारण मग महिला दिनाच्या भाषणाचं काय करायचं?

तेव्हाच मावसभावाने टोकियो ऑलिम्पिकची बातमी पाठवली, "बघ, कॉलरबोन मोडून दोन महिन्यांत गोल्ड!" टॉम पिडकॉक या ब्रिटिश सायकलपटूची. खरी आहे बातमी, २०२१ च्या मे अखेरीस कारच्या धडकेत त्याचं हाड मोडलं, प्लेट बसवली आणि २६ जुलैला माउंटन बायकिंगच्या क्रॉस कंट्री शर्यतीचं सुवर्ण. तो एकवीस वर्षांचा, मी चाळिशीची, जाऊ दे. पण त्याच शर्यतीत मथ्यू व्हान डर पूल पडला ते भावाने पाठवलं नव्हतं. सरावाच्या वेळी एका मोठ्या दगडाखाली लाकडी फळी लावलेली होती, शर्यतीत ती काढली, आणि तो फळी आहे असं धरून चालला. जगातल्या सगळ्यात भारी सायकलपटूंपैकी एक माणूस हो, कॉन्फिडन्स कमी होता म्हणून नाही पडला. मी तो व्हिडिओ पट्टा बांधलेल्या अवस्थेत परत परत बघितला, नवऱ्याने शेवटी फोन काढून घेतला.

आता परत गेल्यावरचं. हाड जुळलं, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि एका रविवारी आमच्या ग्रुपमधल्या पोरांबरोबर मी त्या पायरीपाशी येऊन उभी राहिले. पोरं भराभर उतरून गेली. खालून ओरडायला लागली, "चल ना ताई, काही होत नाही!" हे वाक्य कोणी शोधून काढलं असेल त्याला मला भेटायचंय. काही होत नाही असं नेहमी ज्याला काही झालेलं नसतं तोच सांगतो. मी मागे जाऊन सुरुवात केली, पायरीच्या तोंडाशी बोटं आपोआप ब्रेकवर आवळली गेली, थांबले. परत मागे. परत थांबले. आणि जे ही सायकल चालवत नाहीत त्यांना हे सांगायला हवं की अशा जागी घाबरून हळू जाणं सुरक्षित नसतं, उलट आहे. गती पुरेशी असेल, टाचा खाली दाबलेल्या, कंबर मागे, नजर पायरीच्या बरीच पुढे, तर चाक सुटून खाली लागतं आणि तुम्ही पुढे जाता. भीतीने ऐन वेळी पुढचा ब्रेक दाबलात की चाक खाली अडकतं आणि मागचं सगळं वजन डोक्यावरून येतं. म्हणजे पूर्ण जा नाहीतर पूर्ण उतरून चालत जा, अर्धं काही चालत नाही. आणि मी अर्धी होते. पाय जा म्हणत होते, बोटं नाही.

एक काकू फिरता फिरता थांबल्या, म्हणाल्या, "उतरा हो, कशाला जिवाशी खेळ." खाली पोरं मोबाइल धरून उभी. एका बाजूला जा, एका बाजूला नको, आणि मला त्या क्षणी दोघांचाही सारखाच राग आला कारण दोघांनाही माझ्या बोटांचं काही माहीत नव्हतं. मी पोरांना सांगितलं तुम्ही व्हा पुढे, मी येते. हे म्हणताना आवाज कापला. पोरं जरा हिरमुसली, गेली. मग मी सायकल उजव्या हाताने धरून पायरी चालत उतरले आणि खाली दगडावर बसून बराच वेळ रडले, का ते मला अजून नीट सांगता येत नाही. हरल्यासारखं वाटलं होतं हे खरं. पण "तुम्ही व्हा पुढे" असं मी आयुष्यात क्वचितच कोणाला म्हटलंय, सासरी तर कधीच नाही, तर ते जमलं हेही खरं. दोन्ही एकाच सकाळी, कुठलं मोजायचं?

नंतर कधीतरी पायरी उतरले. कोणी नव्हतं, काही ठरवलं नव्हतं, आधी सायकल आडवी टाकून खाली जाऊन मुरूम पायाने दाबून बघितला, वर आले आणि उतरले. आनंदाने ओरडेन वाटलं होतं, तसलं काही झालं नाही, लगेच पुढचं वळण येतं तिथे बघावं लागतं. आता दर वेळी उतरून आधी बघते. ग्रुपमधले चिडवतात. मी बघते.

माझी एक मैत्रीण समुपदेशक आहे, तिने मला अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचं सांगितलं. १९७७ मध्ये त्याने मांडलं की "हे मला जमेल" हा विश्वास बहुतेक त्या त्या कामापुरता असतो, आणि तो सगळ्यात जास्त येतो स्वतः ते काम करून, दुसऱ्याने "जमेल गं" म्हटल्याने त्यापेक्षा खूप कमी. कधीकधी तो शेजारच्या कामापर्यंत सांडतो म्हणे. माझा कितीसा सांडला? पायरी उतरले त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीची मीटिंग होती. पार्किंगचा हिशोब चुकीचा होता, मी कागद घेऊन गेले होते, आकडे पाठ होते. चेअरमननी माझ्याकडे बघून "बोला मॅडम" म्हटलं आणि घसा कोरडा, हात गार, मी "नाही, काही नाही" म्हणून खाली बसले. छाती तशीच धडधडत होती जशी पायरीच्या तोंडाशी धडधडते. तिथे निदान टाचा खाली दाबायच्या असतात, इथे प्लास्टिकच्या खुर्चीवर काय दाबू?

तर हा माझा कॉन्फिडन्स.

मग कशाला जातेस, असं विचाराल. एक तर चढासाठी. चढाबद्दल कोणी विचारत नाही, व्हिडिओत बोअर दिसतो. सगळ्यात हलका गिअर, सीटच्या पुढच्या टोकावर सरकून बसायचं, कारण उभं राहिलात की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते खडीवर फिरत बसतं, आणि नजर चार हातांवर, माथ्याकडे बघायचं नाही. मानसिक ताकद वगैरे जे काय म्हणता ते मला मिळालं असेल तर तिथे, अर्धा तास काही न होता घाम गाळत राहण्यात. पण हेही मी सवयीने म्हणत असेन, महिला दिनवाली बाई अजून आहेच आत.

आता मुलींबद्दल. आणा. मी आधी फक्त ब्रेक शिकवते, सपाटीवर, एकेक बोटाने, पुढचा किती मागचा किती, ते कंटाळवाणं वाटलं तरी. या खेळाची सुरुवातच ब्रेकच्या गोष्टीने झालीय, कॅलिफोर्नियात १९७६ ला जुन्या जाड चाकांच्या सायकली डोंगरावरून सोडायची जी शर्यत सुरू झाली तिचं नाव रिपॅक, म्हणजे परत भरणं, कारण मागच्या हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले, ब्रेक उतारावर इतके तापायचे की ग्रीस जळून जायचं, खाली पोचल्यावर हब उघडून परत भरावं लागायचं. हे सांगितलं की मुलं हसतात आणि जरा सैल होतात. मुलगी पायरीपाशी थांबली तर थांबू दे, चालत उतरली तर उतरू दे, आईबाबांनी शूटिंग करायचं नाही, आणि "काही होत नाही" म्हणायचं नाही. कणखर होईल का ते मला विचारू नका. तिला यायचंय का ते तिला विचारा. रविवारी साडेसहाला, टायरमध्ये हवा दगडासारखी टाइट भरू नका, ग्रिप जाते, आणि माझ्याकडचं जास्तीचं हेल्मेट लहान डोक्याला ढिलं होतं, म्हणून स्वतःचं घेऊन या.