बर्नर पेटतो आणि विझतो? आधी सेकंद मोजा

कुपवाड एमआयडीसीतला पावडर कोटिंगचा ओव्हन असो की डेअरीचा लहान बॉयलर, डिझेल बर्नरची तक्रार एकच: ज्योत लागते, जरा टिकते आणि लाल दिवा, म्हणजे लॉकआउट: कंट्रोलर (बर्नर चालू-बंद करणारा डबा) बर्नर बंद करून अडवून ठेवतो. लगेच रीसेटवर बोट जातं. दोनदा दाबून चालला नाही तर तिसऱ्यांदा दाबू नका. फसलेल्या प्रत्येक स्टार्टमध्ये कच्चं डिझेल चेंबरमध्ये साचतं आणि पुढच्या ठिणगीला भडका उडतो.

त्या दोन वेळांत मोबाइलचं स्टॉपवॉच लावून ज्योत किती सेकंद टिकली ते टिपा.

दोन्ही वेळा तेवढेच सेकंद, साधारण 10 (काही कंट्रोलरना 5), आणि ज्योत शेवटपर्यंत दणदणीत असेल, तर डिझेलला दोष देऊ नका. कंट्रोलर तेवढा वेळ वाट बघून बंद करतोय, कारण त्याला ज्योत दिसत नाहीये. मेन स्विच बंद करून फोटोसेल (ज्योतीचा उजेड ओळखणारा सेन्सर) काढा. काच काळी असेल तर कोरड्या मऊ फडक्याने पुसा. वायर सोडवून मल्टिमीटर लावा: सेल बोटाने झाकल्यावर लाखांत ओहम दिसायला हवेत, उजेडाकडे धरल्यावर काही हजारांवर किंवा त्याहून खाली यायला हवेत. फरक पडत नसेल तर सेल बदला. सेल चांगला असूनही लॉकआउट होत असेल तर वायरिंग बघा, मगच कंट्रोलरचा खर्च करा. सेलला टॉर्च दाखवून बर्नर चालवायचा जुगाड मात्र नको. ज्योत गेली तरी डिझेल फवारत राहतं.

सेल पुसून काम झालं तरी काजळी आली कुठून? हवा कमी पडतेय किंवा नोझल (डिझेल फवारणारं टोक) झिजलंय. ते दुरुस्त केलं नाही तर आठवड्यात पुन्हा तेच.

सेकंद दर वेळी वेगळे, ज्योत फडफडून विझते, तर गडबड डिझेलच्या बाजूला. इथे पंपाच्या प्रेशर गेजवर नजर ठेवा. काटा 10-12 बारला स्थिर असताना ज्योत गपकन गेली तर सोलेनॉइडची (डिझेल सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) कॉइल किंवा तिचा सप्लाय बघा. काटा ज्योतीबरोबर पडला तर पंपाला डिझेल पोचत नाही, नाहीतर मोटर आणि पंपामधलं प्लॅस्टिक कपलिंग चिरलंय: मोटर फिरते, पंप थांबतो.

सक्शन लाइनचा (टाकीतून पंपाकडे डिझेल ओढणाऱ्या पाइपचा) दोष फसवा असतो. तिथून डिझेल टपकत नाही, उलट हवा आत ओढली जाते, म्हणून बाहेरून सगळं कोरडं ठाक. पंपाआधी पारदर्शक पाइपचा तुकडा जोडा, बुडबुडे दिसतील. फिल्टरच्या वाटीचं गॅस्केट आणि फ्लेअर नट आधी तपासा. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. या लाइनमधला व्हॅक्यूम (पंपाची ओढ) 0.4 बारच्या वर जात असेल तर फिल्टर किंवा फूट व्हॉल्व्ह (टाकीतल्या पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह) चोक. दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडतो आणि टाकीचं झाकण उघडलं की चालतो? टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याचं भोक) बुजलाय. पावसाळ्यात टाकीच्या तळाचं पाणी काढत जा.

ठिणगी बंद होताच ज्योत जात असेल, तर डँपर (हवेची झडप) थोडा आवळून बघा, बहुतेक हवा जास्त आहे.

नोझल बदलताना आकडा, कोन आणि फवाऱ्याचा प्रकार तिन्ही जुळवा. त्यावरचा आकडा 7 बार प्रेशरला किती डिझेल जातं ते सांगतो. 12 बारला त्यातून सुमारे 1.3 पट डिझेल जातं.